धन्यवाद म्हटलं की

जानेवारीतली रात्र, तरी एकतीस अंश.
सान होसेच्या दूधसंघाच्या फाटकाबाहेर
अकरा टँकर, इंजिनं चालूच.
विल्मार काचेवर बोटं आपटून विचारतो,
"उठलं का तुमचं यंत्र?"

झोपलेलंच नाहीये ते, विल्मार.
तळघरात टक्क जागं आहे,
सत्त्याऐंशी सालचं, दोन कपाटांएवढं.
त्याला पाठ आहे प्रत्येक गोठ्याचं खातं,
कुणाची उचल, कुणाचं फॅट,
कुठलं नाव कुठल्या विधवेच्या नावावर चढलं.
वरच्या मजल्यावर माझा सर्व्हर, सहा महिन्यांचा.
त्याला काहीच पाठ नाही,
विचारता तेवढं येतं.

दोघांच्या मध्ये वीस कनेक्शनं.
आकडा मीच ठरवलेला.
दर वेळी नवं उघडायचं
तर म्हाताऱ्याला नाव-गाव विचारायलाच चार सेकंद,
म्हणून वीस आधीच उघडून ठेवलेली,
कचेरीच्या दारातल्या छत्र्यांसारखी:
बाहेर पडणाऱ्याने न्यावी,
आल्यावर जागेवर ठेवावी.

पडद्यावर एकशे चाळीस विनंत्या ताटकळलेल्या.
तीस सेकंद थांबायचं आणि मरायचं,
मागचीने पुढे सरकायचं, तिनेही मरायचं.
मी वीसचे चाळीस करायला घेतले.

"चाळीसही जातील."
दारात नेलिदा एचेबेर्री,
काखेत थर्मास, हातात येर्बाचा भोपळा,
तीस वर्षं तळघर राखलेली बाई.
"आधी बघ, ही वीस गेली कुठे."

तिच्या बाजूने पाहिलं तर
वीसच्या वीस गप्प.
कुणी काही विचारत नव्हतं,
कुणी सोडतही नव्हतं.

तिने भोपळा दिला. मी नळी ओढली, तळ गुरगुरला,
भोपळा की-बोर्डशेजारी ठेवून
मी पुन्हा ओळी चाळायला लागलो.
ती थांबली.
बराच वेळ थांबली.
"एलादिओ. भोपळा."

रात्रपाळीचे पाच जण, भोपळा एक.
प्यायचं, ओतणाऱ्याच्या हाती परत द्यायचं,
पुढच्याचा नंबर.
इथलं शेंबडं पोरही जाणतं हे.
माझ्या प्रोग्रामला मीच शिकवलं नव्हतं.

ओळ चारशे बारा.
दूध चांगलं निघालं तर नोंद, पावती, कनेक्शन परत.
दूध नासलेलं निघालं तर
लाल चिठ्ठी छापा, टँकर माघारी, काम खलास.
त्या दुसऱ्या दाराने मी दर वेळी
उसनं घेतलेलं खिशात घालून निघून जात होतो.
तपासलं होतं की मी, शंभर टँकरवर,
पण जुलैत, कडाक्याच्या थंडीत.
जुलैत दूध कशाला नासतंय?

सोमवारपासून उष्म्याने वीस टँकर नासवले.
एकेकाने एकेक छत्री नेली.
विसावा दुपारी तीन चाळीसचा,
चालक विल्मार.
हे मी त्याला सांगितलं नाही,
अजूनही सांगितलेलं नाही.

दोनच ओळी लिहिल्या:
वाट कुठलीही असो, दूध कसंही असो,
जाताना परत करून जा.
सर्व्हर पुन्हा उठवला.
तळघरात एक पंखा जरा जोराने फिरला,
नेलिदाने मान तिकडे वळवली,
घरातलं कुणी कूस बदलावं तशी.
फाटक उघडलं. पहिला टँकर काट्यावर चढला.
विल्मारने हॉर्न दिला, उगाच, लांबलचक.

मार्चमध्ये ती निवृत्त होते आहे.
यंत्राचं काय करायचं, यावर
मोन्तेविदेओत बैठका चालू आहेत.

आमच्याकडे भोपळा परत देताना
धन्यवाद म्हटलं
तर त्याचा अर्थ: बस, मला आता नको.
पुढच्या फेरीत तुम्हाला वगळून भोपळा पुढे जातो.

पहाटे साडेचार. थर्मासात अजून पाणी आहे.
मी भोपळा तिच्या हातात ठेवतो, दोन्ही हातांनी,
आणि काही म्हणत नाही.